पालवांची आतली खोली

माझे भावोजी सीताराम पालव यांना कोणी वाईट माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कोणाशी भांडण नाही. लालबागला त्यांच्या बिल्डिंगखाली उभं राहून कोणालाही विचारा, "पालवकाका ना? देवमाणूस," असंच उत्तर येईल. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांना त्या देवमाणसाबरोबर संसार करायचा नसतो. तो माझ्या थोरल्या बहिणीनं, सुभद्राताईनं केला, आणि ती आता त्यांच्या घरात राहत नाही.

भावोजी लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू घरी बसून चालू करतात. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, रेडिओ, स्पीकर, जे काही तारेला जोडता येतं ते. धंदा म्हणून नाही. दुकान नाही, पाटी नाही, आणि कोणाकडून कधी एक पैसा घेतलेला नाही. तरुणपणी ते परळला एका टीव्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. कंपनी बुडाली. मग एका छापखान्यात मशिनांची देखभाल करता करता निवृत्त झाले. पण सर्व्हिस सेंटर त्यांच्या अंगातून गेलं नाही. तिथल्या साहेबानं त्यांना शिकवलं होतं की गिऱ्हाईकाची वस्तू गिऱ्हाईकाच्या घरी न्यायची, त्याच्या डोळ्यांदेखत चालू करून दाखवायची आणि मगच निघायचं. आणि वस्तू कितीही गेलेली असली तरी मालकाला विचारल्याशिवाय टाकायची नाही. तो साहेब गेला, कंपनी गेली, तिच्या जागी काचेचं ऑफिस आलं. हे आपले अजून त्या नोकरीत आहेत.

आताच्या बिल्डिंगीच्या जागी वाडकर चाळ होती तेव्हा याचा कोणाला त्रास नव्हता. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रविवारी सकाळी भावोजी पाट टाकून बसायचे. "बघून ठेव रे सीताराम," एवढं बोलून लोक वस्तू पुढ्यात ठेवायचे आणि नळावर जायचे. भावोजी ती कधीही सरळ प्लगला लावत नसत. त्यांनी एक लाकडी फळी केली होती, तिच्यावर एक पिवळा बल्ब आणि एक सॉकेट. वस्तूला वीज मिळायची ती त्या बल्बमधून. बल्ब भक्कन पेटला की आत शॉर्ट आहे. मंद राहिला की घाबरायचं कारण नाही, उघडून बघायचं. मग गॅलरीभर सोल्डरिंगचा धूर, येणारा जाणारा थांबून सल्ला देतोय, पोरं स्क्रू हरवतायत. संध्याकाळी वस्तू परत, चालू. कोणी गावाहून आलं की कुळथाचं पीठ, आमसुलं, कधी मधल्या आळीतल्या सावंतांकडचा फणस. ताई तेव्हा मिरवायची. "आमच्या ह्यांच्या हाताक यश आसा," असं माझ्या बायकोला ऐकवायची. माझ्या हाताला फ्यूज बदलायचंही यश नाही, म्हणून ते मला लागायचं.

त्या काळी वस्तू परत न्यायला मालक धावत यायचा, कारण घरात तेवढी एकच असायची. टीव्ही एक, मिक्सर एक. ती नसली की घोडं अडायचं. त्यामुळे भावोजींचा नियम आणि लोकांची गरज यांची गाठ बरोबर बसलेली होती.

मग चाळ पडली. काही वर्षं सगळे वडाळ्याला ट्रान्झिट कॅम्पात काढून परत आले, तेव्हा पुढे पैसेवाल्यांचा टॉवर उभा होता आणि त्याच्या मागे, त्याच्या पार्किंगकडे तोंड करून, आपल्या लोकांची बिल्डिंग. हॉल, किचन आणि एक आतली खोली. लोकांनी नव्या घराबरोबर नवं सामान घेतलं. भिंतीवरचे मोठे टीव्ही आले, जुने छोटे टीव्ही उरले. आता बंद पडलेली वस्तू टाकायला आपल्या माणसाचं मन होत नाही, आणि ठेवायला घरात जागा नाही. मग करायचं काय? पालवांकडे द्यायची. "काका, बघून ठेवा, घाई नाही." म्हणजे टाकल्याचं पापही नाही आणि घरही मोकळं. द्यायची सवय चाळीतली राहिली, न्यायची सवय तेवढी चाळीबरोबर पडली.

आणि भावोजी घेत गेले. वस्तू आली की तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा, तुकड्यावर मालकाचं नाव. आधी खोलीच्या एका कोपऱ्यात, मग भिंतीला लागून, मग एकावर एक. ताईचं कपाट अर्धंच उघडायला लागलं, म्हणून तिनं साड्या किचनच्या माळ्यावर टाकल्या. पलंग विकला. दोघं हॉलमध्ये गाद्या घालून झोपायला लागले, आणि आतल्या खोलीत शेजाऱ्यांचे टीव्ही झोपायला लागले. ताईनं बोलून पाहिलं. मी बोलून पाहिलं. भावोजींचं एकच, "लोकांची वस्तू आसा, मी कसो टाकू? येतील न्यायला."

मी म्हटलं, "भावोजी, कोण येतंय? तुमच्या बिल्डिंगीतल्या त्या अजितकडे नवा मिक्सर येऊन जमाना झाला."

"तरी त्याचो तो त्याचोच ना?"

या माणसाशी वाद घालताना आपल्यालाच चोर असल्यासारखं वाटतं, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

अशी वर्षं गेली असती. पण त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची अक्षदा, तिला दिवस गेले. अक्षदा लग्न होऊन डोंबिवलीला दिलेली. नवरा हितेंद्र बँकेत, सासू शिक्षिका होती. चांगली माणसं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. माझ्या आईनं ताईचं बाळंतपण कणकवलीला केलं होतं. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला मालीश करणारी सुईण, सगळं. लेकीचं असंच करायचं, हे एक स्वप्न ताईनं उराशी धरून ठेवलेलं होतं. तिची बाकीची स्वप्नं मला माहीत नाहीत. बहुतेक नसावीतच, तिला कोणी विचारलंच नाही.

विहीणबाई एकदा भेटायला आल्या. चहा झाल्यावर सहज उठल्या आणि आतल्या खोलीचं दार ढकललं. दार अर्ध्यावरच अडलं. त्यांनी मान आत घालून बघितलं आणि म्हणाल्या, "अक्षदा इथे निजणार का?" कुजकेपणानं नाही, काळजीनं. म्हणूनच ताईला ते जास्त लागलं. त्या गेल्यावर तिनं मला फोन केला. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "विनीत, मी ह्यांका सांगितलंय," ती म्हणाली, "अक्षदा येवच्या आधी खोली रिकामी होवक व्हयी. नाय झाली तर पोरीचा बाळंतपण तिच्या सासूच्या घरात होतला आणि मी ह्या घरात परत पाय ठेवचंय नाय."

मी रविवारी गेलो तो भांडायच्या तयारीनं. भावोजी शांतपणे म्हणाले, "बरोबर आसा तिचा. खोली होयत रिकामी." मला धक्काच बसला. मग कळलं त्यांच्या डोक्यात काय आहे. टाकायचं काही नाही. सगळं दुरुस्त करायचं आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं.

खरं सांगतो, ते दीड-दोन महिने भावोजींच्या आयुष्यातले सुखाचे असावेत. सकाळी अंघोळ करून बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणायचे. एखाद्या टीव्हीला आवाज येतो पण चित्र दिसत नाही, तर मला बोलवायचे आणि पडद्यावर बॅटरी मारून म्हणायचे, "बघ, आत चित्र आसा. नीट बघ." मी डोळे बारीक करून बघितलं की खरंच बातम्या वाचणारी बाई अंधारात हलताना दिसायची. "चित्र गेला नाय. मागचा दिवो गेलो." मग मागची दिव्यांची पट्टी बदलायची, आणि बाई उजेडात. मिक्सरांच्या मोटरांची झिजलेली कार्बनं बदलली, फुगलेले कपॅसिटर काढले, रिमोटची बटणं स्पिरिटनं पुसली. ताईसुद्धा मऊ झाली होती. त्यांच्या बाजूला बसून शेंगा सोलायची. एक दिवस म्हणाली, "चाळीतल्यासारखा वाटता." मला त्या दोघांकडे बघून बरं वाटलं, हे मान्य करायला हवं.

परत द्यायला मी हमाल. प्रत्येक रविवारी एकेक मजला. पहिलं घर समोरच्या प्रितीचं. प्रिती म्हणजे भावोजींचे चाळीतले जिवलग मित्र धोंडू सावंत, त्यांची सून. धोंडू वारले, पण घरोबा टिकून होता. आम्ही दारात टीव्ही घेऊन उभे. प्रितीला आधी कळेना हा कोणाचा. भावोजींनी चिकटपट्टी दाखवली. तिच्यावर धोंडूंचं नाव होतं. "अय्या, हा का? काका, तुम्ही अजून ठेवलात?" तिच्या भिंतीवर दरवाजाएवढा टीव्ही चालू होता. भावोजींना चालू करून दाखवल्याशिवाय निघायचं नव्हतं, आणि हॉलमध्ये सॉकेट रिकामं नव्हतं. त्यांनी हाताला लागला तो प्लग काढला. तो निघाला वायफायचा. आतून प्रितीच्या नवऱ्याची आरोळी आली, "ए, माझी मीटिंग गेली." भावोजी तिकडे लक्ष न देता चॅनल लावतायत. चित्र आलं. स्वच्छ. "बघ," ते म्हणाले, "धोंडूक ह्यावर मॅच बघूक आवडायची."

प्रितीनं हात जोडले. "कमाल आहे काका तुमची. ठेवा ना, तिथे चपलांच्या स्टँडमागे ठेवा. बघते मग कुठे लावायचा."

अजित सोसायटीचा सेक्रेटरी. त्याच्याकडे मिक्सर आणि दोन स्पीकर. तो तर भावुक झाला. "काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." बायकोला हाक मारून दाखवलं. मिक्सर लावून पाहिला, रिकाम्या भांड्यात, खर्रर्र. सगळे हसले. मला चहा मिळाला. घरोघरी हेच. वा काका, कमाल काका, ठेवा ना काका. कोणी नाही म्हटलं नाही.

नाही म्हणणारा एकच निघाला. वरच्या मजल्यावरचा अवधूत कांबळी, बिल्डिंगीत उर्मट म्हणून प्रसिद्ध. त्यानं दार अर्धवट उघडलं, भावोजींच्या हातातला रेडिओ बघितला आणि म्हणाला, "काका, मला नको हा. माझ्याकडे ठेवायला जागा नाही. टाकून द्या." आणि दार लावलं. भावोजींचं तोंड उतरलं. पण खाली गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तो रेडिओ कचऱ्याच्या खोलीत ठेवला. चिकटपट्टी काढून घेतली आणि वर आले. मालकानं सांगितलं, विषय संपला. मी तेव्हा अवधूतला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आज मला वाटतं, अख्ख्या बिल्डिंगीत भावोजींशी सरळ वागला तो एकटा. बाकीच्यांनी त्याच्यासारखं तोंडावर दार लावलं असतं, तर माझ्या बहिणीचं घर वाचलं असतं. पण आपल्या लोकांना वाईटपणा घ्यायला नको असतो.

खोली रिकामी झाली. ताईनं फरशी सोड्यानं घासली, भिंती पुसल्या. नवा पलंग आणला, त्याच्यावर फुलाफुलांची चादर. छताला पाळण्यासाठी हूक बसवून घेतला आणि मला त्याला लोंबकळायला लावलं, वजन पेलतं का बघायला. बाळंतिणीच्या खोलीत वारा नको म्हणून जाड पडदा शिवला. बिल्डिंगीतल्या बायका बघायला आल्या, ताई प्रत्येकीला दार पूर्ण उघडून दाखवत होती. ते दार पूर्ण उघडतं, हेच तिला दाखवायचं होतं.

अक्षदाला आणायचा रविवार ठरला. हितेंद्र आणि विहीणबाई गाडीतून तिला घेऊन जेवायला येणार आणि सोडून जाणार. मामा म्हणून मी सकाळीच दादरहून ओटीचं सामान आणि मोगऱ्याच्या वेण्या घेऊन पोचलो. गेटमध्ये एक टेम्पो उभा. टेम्पोला कापडी फलक, जुन्या विजेच्या वस्तू घेऊन जाणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा. त्याच्या पुढे कचऱ्याच्या खोलीपासून गेटपर्यंत वस्तूंची रांग लागलेली. टीव्ही, मिक्सर, स्पीकर. मला आधी कळलं नाही. मग एका टीव्हीवर चिकटपट्टी दिसली, धोंडू सावंतांच्या नावाची.

सोसायटीच्या ग्रुपवर अजितनं आठवडाभर आधीच टाकलं होतं की रविवारी टेम्पो येणार, घरातला इलेक्ट्रॉनिक कचरा खाली आणून ठेवा. सगळ्यांना तेच हवं होतं. भावोजींच्या फोनवर तो ग्रुप होता, पण त्यांनी कधी उघडला नाही. लोकांचे फोन दुरुस्त करायचे, स्वतःचा बघायचा नाही.

दुधाची पिशवी हातात घेऊन भावोजी टेम्पोसमोर उभे होते. रागावलेले नव्हते. आपली काहीतरी चूक झाली असावी, असा चेहरा होता. त्यांनी टेम्पोवाल्याला समजावलं, "भाईसाब, ये सब चालू है. गलती से आया." टेम्पोवाला म्हणाला, "चाचा, हमको बोला है, हम ले जाएगा." अजित कागदावर काहीतरी टिपत उभा होता. भावोजी त्याच्याकडे वळले.

"अजित, अरे चालू आहे तुझा मिक्सर. मी तुझ्यासमोर लावून दाखवला."

अजित कानकोंडा झाला, पण तो सेक्रेटरी आहे, लवकर सावरतो. "काका, चालू आहे ते मला माहिती आहे ना. पण नको आहे. प्लीज, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मग त्या दिवशी बोललास का नाय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

भावोजींनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली, मिक्सर उचलला आणि लिफ्टकडे चालू लागले. तो ठेवून खाली आले, स्पीकर उचलले. मी आडवा झालो. "भावोजी, काय करताय? अक्षदा निघालीय तिकडून." ते म्हणाले, "चालू वस्तू कोण भंगारात देता काय? माका बघवणा नाय." मी दंडाला धरलं. "थोडे दिवस," ते म्हणाले, "थोड्या दिवसांत बघू काय ता." वॉचमननं त्यांना मदत केली. कोणीतरी खिडकीतून बघत होतं. प्रिती खाली आली, अवघडून उभी राहिली आणि परत गेली. मी हात लावला नाही. दुधाची पिशवी धरून वेड्यासारखा उभा होतो.

वर गेलो तेव्हा ताई दारात होती. पीठ लागलेले हात, घावणं करत असावी. भावोजी धोंडूंचा टीव्ही छातीशी धरून लिफ्टमधून बाहेर आले. ती म्हणाली, "आजच्या दिवशी ह्या घरात आणू नकात. पाया पडतंय तुमच्या." त्यांनी ऐकलं. थांबले. मग तिच्या बाजूनं, तिला धक्का लागणार नाही असं वळून, आत गेले. आतल्या खोलीत फुलांच्या चादरीवर तो टीव्ही ठेवल्याचा आवाज मला बाहेर आला. ताई तिथेच उंबऱ्यात खाली बसली.

अक्षदा आली तेव्हा खोली जवळजवळ पहिल्यासारखी झाली होती. सातव्या महिन्यातली पोर, लिफ्टमधून निघून घामाघूम. हसत आत आली आणि सरळ आतल्या खोलीकडे गेली, कारण ताई रोज फोनवर त्याच खोलीचं वर्णन करत होती. दार अर्ध्यावर अडलं. ती तशीच उभी राहिली. मागे हितेंद्र, त्याच्या हातात तिची बॅग. विहीणबाईंनी या वेळी आत मान घातली नाही. त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या आणि पदरानं वारा घेत राहिल्या.

भावोजी म्हणाले, "माका दोन दिवस दे बाय. खालचे लोक..." आणि त्यांनी टेम्पोचं सगळं सांगायला सुरुवात केली. अक्षदानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आधी लोकांच्या वस्तू म्हणून ठेवल्यात. आता लोकांनीसुद्धा सोडल्या, तरी तुम्ही ठेवल्यात. मी येणार हे तुम्हाला माहीत होतं."

भावोजी म्हणाले, "चालू आसत गे सगळी."

ती थोडा वेळ थांबली. मला वाटतं, त्यांनी आणखी काही बोलावं म्हणून थांबली होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले, हात धुळीनं माखलेले. मग हितेंद्र हळूच म्हणाला, "काही हरकत नाही, आमच्याकडे खोली आहे." भांडण कोणी केलं नाही. सगळे घावणे आणि नारळाचा रस जेवले. ताईनं लेकीची ओटी भरली आणि जाताना तिच्याबरोबर गाडीत बसली, एका पिशवीत चार साड्या घेऊन.

अक्षदाला मुलगी झाली, डोंबिवलीला. शेकशेगडी, लाडू, मालीश, ताईनं सगळं केलं. पण विहिणीच्या घरात, विहिणीच्या डब्यातला डिंक विचारून घेऊन, त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी अंथरूण घालून. त्या बाईंनी कधी वाकडा शब्द काढला नाही. ताई मला म्हणते, काढला असता तर निदान परत यायला निमित्त झालं असतं. माझ्याकडे प्रभादेवीला ये म्हटलं, तर भावाच्या दारात जाऊन बसायची तिची तयारी नाही. आता अक्षदा कामावर जाते आणि ताई नात सांभाळते, असं सगळ्यांना सांगायला बरं पडतं.

मी भावोजींना किती वेळा सांगितलं असेल. "टाका आता ते सगळं. मी टेम्पो आणतो." त्यांचं म्हणणं ऐका. मालकाला विचारल्याशिवाय वस्तू टाकायची नाही. आणि या वस्तू मालकांनी सोडल्या, म्हणजे आता त्यांना मालकच नाही. मग टाकायला विचारायचं कोणाला? मी म्हटलं, "तुम्हीच मालक." ते म्हणाले, "मी खयचो मालक? माझो फक्त हात लागलो." ताईला विचारा, असंही मी म्हणून पाहिलं. त्यावर ते हातातला रिमोट पुसत राहिले. दुपारभर ते एकेक वस्तू लावून बघतात. बंद राहिली तर बिघडते, म्हणतात. त्यासाठी बाहेर काढलेल्या वस्तू आता हॉलभर पसरल्यात. स्वतः हॉलमध्ये भिंतीला टेकून झोपतात, डाळभात करून खातात. बिल्डिंगीतले लोक मला लिफ्टमध्ये भेटले की हळहळतात. "काका जरा असेच झालेत ना हल्ली. लक्ष द्यायला हवं." मी ऐकून घेतो. एकदा अजितला म्हटलं, "तू दे की लक्ष." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात अक्षदा मुलीला घेऊन लालबागला आली. देवीची ओटी भरायची होती आणि लेकीला आजोळ दाखवायचं होतं. ताईही होती, पण तिनं शब्द पाळला. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली तरी ती दार धरून आतच उभी राहिली. अक्षदा दारापर्यंत गेली. बाळाला मांडीवर घेऊन बसायला जागा होईल इतकी मोकळी फरशी हॉलमध्येही उरली नव्हती, आणि धुळीनं पोर शिंकायला लागली. तेवढ्यात समोरच्या प्रितीनं दार उघडलं. "अगं, उभी काय? इकडे ये. सुभद्राकाकी, तुम्ही पण या." दोघी गेल्या. मीही गेलो. मोकळा हॉल, एसी, भिंतीवर तो टीव्ही. प्रितीनं बाळाला घेतलं, पापे घेतले, चांदीचा वाळा दिला. मनापासून केलं सगळं. ती वाईट नाहीच. कोणीच वाईट नाही.

मग भावोजी आले. धुतलेला शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. आपल्याच मजल्यावर, समोरच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि नातीकडे बघत विचारलं, "येव काय आत?"

"या ना काका," प्रिती म्हणाली, "विचारताय काय? तुमचंच घर आहे."

ताईनं मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला उठून काहीतरी बोलायचं होतं, पण प्रितीनं दिलेला चहा माझ्या हातात होता. भावोजी सोफ्याच्या कडेला टेकले. अक्षदानं मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं, ज्या काळजीनं ते काहीही धरतात तसंच, आणि तिच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं. पोर त्यांच्याकडे बघून हसली, मग जांभई दिली. अक्षदा म्हणाली, "द्या बाबा, तिची झोपायची वेळ झाली." आणि बाळाला घेऊन ती प्रितीच्या आतल्या खोलीत निजवायला गेली.